आधी हात, मग डोळे, मग इतिहास : एका वाणिज्य-विज्ञान महाविद्यालयातला कलापरिचय

सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावचं हे महाविद्यालय. वाणिज्य आणि विज्ञान अशा दोनच शाखा. चित्रकलेचा विभाग नाही, कलाशिक्षकाचं पद नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना सहअभ्यासक्रम म्हणून जे पर्याय द्यायचे असतात, त्यांत योग, खेळ, एनएसएस, एनसीसी यांच्या जोडीला ललित आणि दृश्य कलाही येतात. महाविद्यालयानं त्यातून दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) ‘कलापरिचय’ निवडला. ३६ मुलामुलींनी नावं दिली. निम्म्याहून जास्त जणांनी शाळेत एलिमेंटरी, काहींनी इंटरमीजिएटही दिलेली होती. तरी पहिल्या तासाला जवळजवळ प्रत्येकानं सांगितलं की आपल्याला चित्रकलेतलं काही कळत नाही.

हा अभ्यासक्रम पहिल्या वर्षी फसला आणि दुसऱ्या वर्षी बऱ्यापैकी जमला. विषय तोच होता, शिकवणारेही तेच. बदलला तो क्रम, आणि या टिपणाचा मुद्दा तोच आहे.

पहिलं वर्ष

पहिल्या वर्षी ३० तासांची व्याख्यानं ठेवली. गुहाचित्रांपासून सुरुवात, मग अजिंठा, लघुचित्रं, युरोपातलं प्रबोधन, बॉम्बे स्कूल ही जे. जे.च्या परंपरेतली चित्रशैली, मुंबईच्या आधुनिक चित्रकारांचा प्रोग्रेसिव्ह गट आणि शेवटी अमूर्त चित्रं. तयारी मनापासून केलेली होती. स्लाइडही चांगल्या होत्या. परीक्षेत एका तैलचित्राचं रसग्रहण विचारलं, तेव्हा ३६ उत्तरपत्रिकांत ‘वास्तववादी शैली’, ‘रंगसंगती मनोहारी’, ‘भावदर्शन प्रभावी’ हीच तीन वाक्यं पुढेमागे होऊन आली. मुलांनी चित्र नव्हे, टिपणं पाहिली होती.

दोष मुलांच्या आळसावर ढकलता आला असता. खरी कारणं वेगळी होती. प्रोजेक्टरवर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. अजिंठ्याची भिंत, तळहातात मावणारं लघुचित्र आणि माणसाएवढं तैलचित्र, तिन्ही पडद्यावर सहा फुटांचीच. माप गेलं की चित्र आपल्याला जवळ बोलावतं की चार पावलं मागं ढकलतं, हे कळायला मार्गच उरत नाही. दुसरं म्हणजे वर्गाचे पडदे पातळ होते. उजेडात प्रोजेक्टरच्या गडद छटा सगळ्यात आधी मरतात, आणि तैलचित्राचा निम्मा जीव त्या गडद छटांतच असतो. तिसरं कारण सगळ्यात मोठं. मुलांना नाव, साल आणि शैली आधी मिळाली. उत्तर आधीच हातात असेल तर बघायची गरज कुणाला वाटेल?

वर्षअखेरच्या सहलीत हेच पुन्हा घडलं. औंधच्या संग्रहालयाला ४० मिनिटं दिली होती. मुलं रांगेनं पाट्या वाचत गेली, फोटो काढले आणि बसमध्ये येऊन बसली.

तासांचा हिशेब

दुसऱ्या वर्षीची पहिली दुरुस्ती कागदावरची होती. एका श्रेयांकाला व्याख्यानाचे १५ तास धरतात आणि प्रात्यक्षिकाचे ३०. तोच दोन श्रेयांकांचा विषय ‘प्रात्यक्षिक’ म्हणून मंजूर करून घेतला आणि हातात ६० तास आले. दोन-दोन तासांची ३० सत्रं. हे जूनमध्येच करावं लागतं. वेळापत्रक एकदा लागलं की जोडतास कुणी सोडत नाही.

मग विभागणी केली. रेखाटन आणि छटा यांना ८ सत्रं, रंगाला ४, लिनोच्या छाप्याला ५, शाडूला ३, औंधभेटीची तयारी आणि भेट मिळून ४, इतिहासाला ५, शेवटी मुलांच्या कामांच्या मांडणीला १. इतिहासाला ५ सत्रं कमी वाटतील, पण तोवर मुलांचे हात काळे होऊन धुऊन झालेले असतात. तेच ऐकणं मग वेगळं होतं.

रेघ आणि छटा

पहिल्या सत्रात कुणाचंही नाव घेतलं नाही. ए-३ कार्ट्रिज कागद, ४बी पेन्सिल, मागे प्लायचा तुकडा आणि दोन चिमटे. एका पुठ्ठ्याला मधोमध भोक पाडून त्यातून पेन्सिल खाली घातली, म्हणजे हात आणि कागद दोन्ही झाकले जातात. समोर स्वतःचाच डावा हात ठेवायचा. नजर हाताच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकेल, त्याच गतीनं पेन्सिल सरकवायची. खाली बघायचं नाही आणि पेन्सिल उचलायची नाही. आधी ३ मिनिटं, मग ५, मग १०.

निघालेलं चित्र वेडंवाकडं दिसतं, आणि तेच हवं असतं. चांगलं आणि वाईट यांची तुलनाच होऊ शकत नाही, म्हणून ‘मला येत नाही’ म्हणणाऱ्याचीही सुटका होते. चूक एकच होते, ती घाईची. जो दोन मिनिटांत संपवतो त्यानं हात पाहिलेला नसतो, डोक्यातला ‘हात’ उतरवलेला असतो. त्याचा कागद बदलायचा आणि नखाच्या कडेपासून पुन्हा सुरू करायला लावायचं.

पुढचं पाऊल पोकळीचं. स्टूल काढायचं नाही, स्टुलाच्या पायांमधल्या रिकाम्या जागा काढायच्या. स्टूल कसं असतं हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं, म्हणून मुलं समोरचं सोडून ते डोक्यातलं काढतात. दोन पायांमधल्या पोकळीला मात्र डोक्यात नाव नसतं, ठरलेला आकार नसतो, त्यामुळे बघावंच लागतं. स्टूल जमलं की आवारातली सायकल घ्यावी. तिच्या चौकटीतले त्रिकोण चुकले की लगेच डोळ्यांना खुपतात आणि शिक्षकाला काही सांगावं लागत नाही.

छटांसाठी खिडक्यांना काळा कपडा लावला. एका बाजूला एकच बल्ब, पांढऱ्या चादरीवर तांब्याचा लोटा, एक भरताचं वांगं आणि मातीचं मडकं. डोळे बारीक करून बघायचं, म्हणजे बारकावे विरघळतात आणि उजेडाचे मोठे तुकडे उरतात. तीनच छटा वापरायच्या : कागदाचा पांढरा, मधला करडा, गडद. खोडरबर सत्राच्या सुरुवातीलाच गोळा करायचे. ते हाताशी असेल तर २ तासांतला अर्धा तास खोडण्यातच जातो.

वांगं इथं खरा गुरू ठरतं. वांगं जांभळं-काळं असतं हे माहीत असल्यामुळे मुलं ते सगळंच काळं करतात. प्रत्यक्षात बल्बखाली त्याची चकाकी लोट्याच्या सावलीपेक्षा कितीतरी उजळ असते. ही गोष्ट ज्या दिवशी पटते, त्या दिवशी मुलगा किंवा मुलगी तैलचित्र बघायला तयार झाली असं समजायला हरकत नाही. दुसरी नेहमीची चूक म्हणजे वस्तूभोवती काढलेली जाड काळी कड. ती इंटरमीजिएटच्या सरावातून आलेली असते. उजेडाच्या बाजूला कड मागच्या चादरीत विरून जाते. ते दाखवायला कुठलंही पुस्तक लागत नाही, लोटा पुरतो.

रंग

पोस्टर कलरच्या पाच बाटल्या : पिवळा, लाल, निळा, पांढरा, काळा. काळी बाटली पहिली दोन सत्रं कपाटातच ठेवायची. प्रत्येकानं आवारातली तीन पानं आणायची, कडुनिंबाचं कोवळं, आंब्याचं जून आणि एक वाळकं, आणि त्यांचे रंग कालवून पानाशेजारी ठिपका द्यायचा. पान आणि ठिपका हातभर अंतरावरून वेगळे ओळखू आले तर पुन्हा कालवायचं.

इथं गढूळपणाची तक्रार येतेच. तिची कारणं दोन. एक म्हणजे पाण्याचा एकच मग, म्हणून दोन मग ठेवायचे, एक धुवायला आणि एक कालवायला. दुसरं, हिरव्यात लाल जास्त पडला की तिन्ही मूळ रंग एकमेकांना मारतात. वाळक्या पानाला मात्र तोच गढूळपणा लागतो. म्हणजे चूक रंगात नव्हती, जागेत होती. पोस्टर कलर वाळला की छटा बदलतो, म्हणून ठिपका ओला असताना ताडून बघून उपयोग नाही, १० मिनिटं थांबावं लागतं.

लिनोचा छापा

आकृती थोडक्यात ठेवायला शिकवणारा याच्याइतका स्वस्त उद्योग नाही. लिनोलियम मुळात जमिनीवर अंथरायची वस्तू, जवसाचं तेल आणि बुचाचा भुगा यांची. तिच्यावर कोरायला सोपं जातं. ६ बाय ८ इंचांचा तुकडा प्रत्येकी एक. ३६ जणांसाठी कटरचे १२ संच, ४ रोलर आणि दोन जाड काचा पुरल्या, कारण मुलांचे तीन गट केले होते. एक चित्र उतरवतो, एक कोरतो, एक छापतो. सगळे एकदम छापायला आले की काचेपाशी जत्रा भरते आणि शाई सुकते.

लिनो आधी १० मिनिटं उन्हात ठेवायचा. गार लिनो कडक असतो, पातं घसरतं आणि रक्त निघतं. प्लायच्या एका कडेला वरून आणि समोरच्या कडेला खालून लाकडी पट्टी ठोकायची. खालची पट्टी टेबलाला अडते, वरच्या पट्टीला लिनो टेकतो. डावा हात कायम पात्याच्या मागे. हा नियम पहिल्या दिवशी तीनदा सांगितला तरी कुणीतरी मोडतंच, म्हणून आयोडीन आणि पट्ट्या टेबलावरच ठेवायच्या.

लिनोवर पातळ काळ्या शाईचा हात दिला की कोरलेलं फिकं दिसतं आणि किती निघालं ते कळतं. आधी व्ही पात्यानं कड, मग यू पात्यानं मोकळी जागा. आरपार कोरायचं नाही, जाडीच्या तिसऱ्या हिश्शाएवढं खोल पुरतं. अक्षरं असतील तर ट्रेसिंग कागद पालथा घालून उतरवायची, नाहीतर नाव उलटं छापलं जातं. ३६ पैकी ५ जणांचं छापलं गेलंच.

काचेवर शाई घ्यायची ती हरभऱ्याच्या तीन दाण्यांएवढी. रोलर फिरवताना कढईत काहीतरी हलकं तळल्यासारखा आवाज यायला लागला की थर बसला. आवाज चिकट आणि जड असेल तर शाई जास्त झालेली असते, मग बारीक रेघा भरून जातात. चाचणीचा छापा वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर घ्यायचा, नंतर पातळ हातकागदावर. स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं मधून कडेकडे ३-४ मिनिटं घासायचं. कागदाचा एक कोपरा धरून अर्धा उचलून बघायचा. फिका असेल तिथं पुन्हा घासता येतं, पण पूर्ण उचललेला कागद पुन्हा त्याच जागी बसत नाही. तेलाची शाई दोन-तीन दिवस दोरीवर वाळवावी लागते. पुसायला रॉकेल शोधत फिरायची गरज नाही. साधं खाद्यतेल आणि चिंधी, मग साबण.

पहिला छापा हातात आल्यावर शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांचा ‘बापूजी’ दाखवला. १९३० च्या दांडीयात्रेच्या वेळचा लिनोकट, काळ्यावर पांढऱ्या रेघांत काठी टेकत चाललेले गांधीजी. हेच चित्र पहिल्या वर्षी स्लाइडवर २० सेकंदं राहिलं होतं. या वर्षी मुलं त्याच्यासमोर पाऊण तास बसली. कुठली रेघ एका फटक्यात गेली, कुठं हात थांबला आणि कुठं न कोरता सोडून दिलं, हे ती एकमेकांना दाखवत होती. त्याच जोडीला चित्तप्रसाद यांचे लिनोकट घेतले. बंगालच्या दुष्काळाची चित्रं काढणारा हा कलावंत पुढे मुंबईत अंधेरीला राहिला. दुष्काळी भागातल्या मुलांना तो आपल्यातला वाटला, आणि ते ठरवून केलेलं नव्हतं.

शाडू

गणपतीच्या हंगामानंतर पेणहून आलेली शाडू उरलेली असते, ती तालुक्याच्या बाजारात मिळते. प्रत्येकी दीड किलो. रात्रभर भिजवून सकाळी मळायची. बोटाएवढी वळी करून बोटाभोवती गुंडाळावी. चिरा पडल्या तर पाणी हवं, बोटाला चिकटली तर अजून मळायला हवं. थोडा बारीक कापलेला काथ्या मिसळला की पकड येते.

विषय दिला तो एकमेकांना टेकलेल्या दोन आकारांचा. हातपाय बाहेर काढू पाहणाऱ्यांचे हातपाय संध्याकाळपर्यंत गळून पडले, कारण आत तार नव्हती. आकार आवळून धरावा लागतो हे असं कळलं. दोन बोटांपेक्षा जाड भाग वाळताना फुटतात. बाहेरचा थर आधी आकसतो, आतला ओलाच राहतो. म्हणून माती थोडी घट्ट झाली की चमच्यानं खालून पोकळ करायची आणि ओल्या फडक्यात, वरून प्लास्टिक गुंडाळून, सावलीत हळूहळू वाळवायची. मधल्या काळात पाट फिरवत चारही बाजूंनी त्याचं रेखाटन करायचं. बहुतेकांची मागची बाजू कोरी निघाली, म्हणजे शिल्प करूनही ते चित्रासारखं समोरूनच पाहिलं होतं.

औंध

औंधचं श्री भवानी वस्तुसंग्रहालय १९३८ मध्ये उभं राहिलं. संस्थानचे राजे भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते, त्यांचा हा संग्रह, यमाईच्या डोंगरावर. राजा रविवर्मांची मूळ तैलचित्रं, पहाडी लघुचित्रं, हेन्री मूर यांचं ‘आई आणि मूल’ हे शिल्प. एखाद्या महानगरात असतं तर बाहेर रांगा लागल्या असत्या. इतक्या जवळ असूनही जिल्ह्यातली पोरं बी.कॉम. होईपर्यंत इथं पाऊल टाकत नाहीत, ही खरोखर हळहळ वाटायला लावणारी गोष्ट आहे.

भेटीच्या दोन आठवडे आधी एका शिक्षकानं जाऊन काय मांडलेलं आहे, कुठं दुरुस्ती चालू आहे, फोटोची परवानगी काय आहे आणि कुठल्या दालनात किती माणसं मावतात हे पाहून घेतलं. हे न करता आखलेली भेट हमखास बिघडते. ६ कलाकृती निवडल्या, त्याहून एकही जास्त नाही. ६-६ जणांचे सहा गट, प्रत्येक गट वेगळ्या कलाकृतीपासून सुरू. ३६ जण एका चौकटीसमोर उभे राहिले तर मागच्या ३० जणांना पुढच्यांची डोकीच दिसतात.

वर्गातली तयारी कॅलेंडरवर झाली. घरातलं रविवर्मा पद्धतीचं लक्ष्मी किंवा सरस्वतीचं जुनं चित्र प्रत्येकानं आणायचं, आणि सोनाराकडं असतं तसल्या दहापट भिंगानं ते बघायचं. आजच्या छपाईत चार रंगांच्या ठिपक्यांची जाळी दिसते. रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो मळवलीला गेला. तिथली शिळाछपाई वेगळी होती. प्रत्येक रंगाचा दगड निराळा, आणि त्यावरचे ठिपके कारागिरानं हातानं दिलेले, म्हणून असमान. एका विद्यार्थ्याच्या देवघरातून असा जुना कागद खरंच निघाला. त्याच्यापुढं भिंग घेऊन जी झुंबड उडाली, ती कुठल्याही व्याख्यानाला कधी उडाली नव्हती.

दालनात नियम चार. पाटी वाचायची नाही, ती गटप्रमुख कागदानं झाकून ठेवतो. त्याची परवानगी आधी घेतलेली असावी. फोन पिशवीत. पहिली १० मिनिटं बोलायचं नाही. मग वहीत पत्त्याएवढ्या चौकटीत तीन छटांचं रेखाटन. त्यानंतर प्रश्न : उजेड कुठून येतोय? नजर आधी कुठं जाते, नंतर कुठं? किती पावलं मागं गेल्यावर रंगाचे फटकारे नाहीसे होतात? दागिन्यावरचा चमकता ठिपका जवळून कसा दिसतो? एका कलाकृतीला २५ मिनिटं. सहा झाल्या की अडीच तास होतात. मध्ये अर्धा तास बाहेर, पाणी आणि डबा. सलग अडीच तास कुणाचेच डोळे टिकत नाहीत.

मूरच्या शिल्पापाशी शाडूचे धडे उपयोगी पडले. आकार आवळलेला का आहे, मूल आणि आई कुठं एक होतात, मागची बाजू कशी सोडवली आहे, असे प्रश्न मुलांनीच काढले. पाटीवरचा कागद काढेपर्यंत शिल्पकार इंग्लंडचा आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं.

इतिहास, शेवटी

पाच सत्रांत सगळा इतिहास येत नाही, आणावाही नाही. जे पाहिलं तिथून बाहेर जायचं : रविवर्मा आणि छापखाना, १८५७ मध्ये सुरू झालेलं सर जे. जे. स्कूल आणि तिथल्या मुलांनी केलेल्या अजिंठ्याच्या नकला, वाईजवळच्या मेणवलीच्या वाड्यातली भित्तिचित्रं, १९४७ चा प्रोग्रेसिव्ह गट.

अमूर्त चित्रांवर नेहमीचा आक्षेप आला, की हे तर कुणीही काढेल. वादात न पडता लिनोचे रोलर बाहेर काढले. अमूर्त चित्रं काढणारे वासुदेव गायतोंडे रोलरनं आणि पॅलेट नाइफनं थर देत आणि काढत. एका कागदावर एकाच रंगाचे तीन थर असे द्या की खालचा वरच्यातून जाणवेल, पण डाग दिसणार नाही, एवढंच सांगितलं. दोन तासांत एकालाही ते समाधानानं जमलं नाही. चित्र सर्वांना आवडलं असं नाही, आवडायला हवंच असंही नाही. पण ‘कुणीही’ हा शब्द पुन्हा आला नाही.

गुण आणि खर्च

५० गुणांपैकी निरीक्षणवहीला २०, छापा आणि शाडूला १०, औंधच्या एका कलाकृतीवरच्या ४०० शब्दांच्या लेखाला १५, मांडणीला ५. वहीत तारखा बघायच्या, हात किती सफाईदार आहे ते नाही. सुंदर रेखाटनांना जास्त गुण गेले की शाळेत शिकवणी लावलेली मुलं पुढं जातात आणि बाकीची पुन्हा गप्प होतात. लेखासाठी कसोटी एकच ठेवली. कलाकृतीचं आणि कलाकाराचं नाव झाकून लेख दुसऱ्या गटाला द्यायचा. सहांपैकी कोणती हे त्यांना ओळखता आलं तर लेख पास. पहिल्या खेपेला ३६ पैकी २१ लेख ओळखले गेले. उरलेल्या १५ जणांना वहीतलं स्वतःचं रेखाटन समोर ठेवून पुन्हा लिहायला लावलं.

साहित्याचा खर्च माणशी ४५० रुपयांच्या आसपास आला. त्यात कटर, रोलर आणि काचा पुढच्या वर्षालाही चालतात. सगळ्यात जास्त पैसे बसला लागले. अडचणी राहिल्या त्या दोन. लिनोच्या सत्रांसाठी पाण्याचा नळ असलेली खोली रसायनशास्त्राच्या वेळापत्रकात अडकते, म्हणून पुढच्या वर्षी ती पाच सत्रं शनिवारी सकाळी टाकली आहेत. दुसरी अडचण कटरच्या पात्यांची. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि तेच घसरतं. धार लावायला बारीक ऑइलस्टोन घेतला आहे. दर सत्राआधी १२ संच तपासायचं काम दोन विद्यार्थ्यांकडं दिलं आहे, आणि पातं अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवल्यावर घसरलं तर तो संच बाजूला काढायचा, असं ठरलं आहे.